इसबाची खाज गोळीने का थांबत नाही, आणि थांबवायची तर कोणत्या क्रमाने

खाज सुटली की बहुतेक घरांत तीन गोष्टी होतात. ॲलर्जीची गोळी घेतली जाते, औषधाच्या दुकानातून विचारून एखादं मलम येतं आणि कडकडीत पाण्याने आंघोळ होते. इसबात, म्हणजे ॲटोपिक एक्झिमात, या तिन्हींनी काम भागत नाही. गोळी हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनाला, अडवते, पण इसबाच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा थोडाच असतो. विचारून आणलेल्या मलमाने आठवडाभर बरं वाटतं आणि मग दुखणं दुप्पट होऊन परत येतं. गरम पाण्याने मिळतं पाच मिनिटांचं सुख, त्यानंतर रात्रभर तळमळ.

खाली दिलेला क्रम पाळायचा असेल तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते.

खाजेचा निरोप कोण धाडतं

त्वचेचा वरचा थर म्हणजे नुसतं आवरण नव्हे. त्यातल्या केराटिनोसाईट नावाच्या पेशी स्वतः रासायनिक निरोप तयार करतात. त्यातला एक महत्त्वाचा निरोप्या म्हणजे टीएसएलपी, पूर्ण नाव थायमिक स्ट्रोमल लिम्फोपोएटिन. याला त्वचेचं हार्मोन म्हणावंसं वाटेल. काटेकोर बोलायचं तर हार्मोन रक्तातून दूरवर जातं आणि हे जवळच्या जवळ काम करतं, म्हणून डॉक्टर त्याला सायटोकाईन म्हणतात. एरवी टीएसएलपी रोगप्रतिकारक पेशींना जागं करतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की ते थेट त्वचेतल्या मज्जातंतूंनाही खाजेचा इशारा देतं, मध्ये हिस्टामिन लागतच नाही. मागोमाग इंटरल्यूकिन ४, १३ आणि ३१ हे रोगप्रतिकारक पेशींचे निरोपे येतात. ते सूज वाढवतात, मज्जातंतू हळवे करतात, त्वचेचं आवरण आणखी कमकुवत करतात.

आता हा निरोप निघतो कशाने? केराटिनोसाईटवर पार-२ नावाची एक कळ, म्हणजे बटणच, असते. प्रथिनं कापणारी विकरं (एन्झाइम) ती दाबतात. अशी विकरं धुळीतल्या माइट किड्यांच्या विष्ठेत असतात, इसबावर हमखास वाढणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूकडे असतात आणि आपल्या त्वचेतही असतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५. तोवर ही विकरं ताब्यात राहतात. साध्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. साबणाने सामू वर गेला की विकरं मोकाट सुटतात आणि कळ दाबली जाते. खाजवल्यानेही पेशी फाटतात आणि टीएसएलपी वाढतं. म्हणून खाजवून खाज भागत नाही, ती पुढच्या खाजेची तरतूद असते.

एक उलटा निरोपही आहे. आपलं कॉर्टिसॉल सूज दाबतं आणि त्वचा स्वतःपुरतं थोडं कॉर्टिसॉल बनवतेही. शरीरातलं कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. रात्री त्वचा गरम होते, तिच्यातून पाणीही जास्त उडतं. रात्रीचीच खाज का, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

तेव्हा कामाचा क्रम असा: निरोप सुटण्याची कारणं बंद करा, सुटलेला निरोप औषधाने दाबा, आवरण बुजवा. गोळीचा विचार त्यानंतर.

टप्पा १ : हे इसबच आहे ना?

इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया जातं.

इसब मोठ्या मुलांत आणि मोठ्यांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत, मनगटावर, मानेवर, पापण्यांवर येतं. तान्ह्या बाळांत गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला. कडा धूसर असतात, त्वचा कोरडी आणि खरखरीत लागते. बऱ्याचदा घरात कुणाला दमा किंवा सतत शिंकांचा त्रास असतो.

गजकर्ण गोल असतं, कडा उठावदार आणि खवलेदार, मधला भाग तुलनेने साफ. जांघेत आणि कमरेच्या पट्ट्यावर जास्त. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या दिसतात आणि घरातले दोघं-तिघं एकदम खाजवत असतात.

*इशारा:* गजकर्णावर स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं सूज दाबणारं औषध, लावलं की चार दिवस खाज कमी होते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते. कडा पुसट झाल्याने नंतर डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. स्टेरॉईड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम घरात असेल तर ते बाजूला काढा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. काउंटरवर ती तरीही मिळतात, पण मिळतात म्हणून घ्यायची नसतात.

*इशारा:* आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर इसब लाल दिसेलच असं नाही. ते तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतं. पुस्तकातली लाली शोधत बसण्यापेक्षा हात फिरवा: खरखर, जाडी आणि ऊब बोटांना आधी कळते.

शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडूनच निदान करून घ्या. बाळ वर्षाच्या आतलं असेल किंवा डोळ्यांभोवती चट्टे असतील तर शंका नसली तरी जा.

टप्पा २ : मलमाआधीची तयारी

बहुतेकांची घाई इथेच नडते. ट्यूब आणली की लावायला सुरुवात. आधी हे जमवा:

- डॉक्टरांनी दिलेल्या ट्यूबा. बहुधा दोन असतात. चेहरा, मान आणि जांघेसाठी सौम्य स्टेरॉईड, उदाहरणार्थ हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का किंवा डेसोनाईड. हातपाय आणि अंगासाठी जरा जोराची, उदाहरणार्थ फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन.
- बिनवासाचं मॉइश्चरायझर, मोठ्या मापात. पूर्ण अंगाला लावायचं तर लहान मुलाला आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम, मोठ्या माणसाला ५०० ग्रॅमपर्यंत लागतं. पन्नास ग्रॅमची बाटली महिनाभर पुरत असेल तर ते लावणं नव्हे, हात पुसणं झालं.
- साबणाऐवजी सामू ५.५ च्या आसपास असलेला, बिनवासाचा सौम्य क्लेन्झर.
- नखं कापायला नेलकटर आणि कडा घासायला कानस.
- मऊ, जुन्या सुती कपड्यांचे दोन जोड. नवे कपडे एकदा धुऊनच.
- एक वही.

ट्यूबा हातात आल्या की आधी कायम शाईच्या पेनने प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात लिहा: "तोंड" किंवा "अंग". दोन्ही ट्यूबा पांढऱ्या, नावं इंग्रजीत आणि बारीक, दिवे मंद. अंगाचं जोरदार मलम पापणीवर जातं ते असंच. तसं वारंवार झालं तर त्वचा पातळ पडते आणि डोळ्यांतला दाबही वाढू शकतो.

वहीत रोज सकाळी एकच आकडा लिहा: काल रात्रीची खाज ० ते १० पैकी किती. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर घ्यायचे आहेत, "बरं वाटतंय" यावर नाही.

बरणीतलं मॉइश्चरायझर बोटाने काढू नका, स्वच्छ चमच्याने काढा. बोटांवरचे जंतू बरणीत वाढतात आणि तिथून पुन्हा त्वचेवर येतात.

टप्पा ३ : आंघोळ

आपल्याकडे आंघोळ सकाळची. इसबासाठी संध्याकाळची बरी, कारण औषध आणि मॉइश्चरायझर रात्रीच्या खाजेआधी त्वचेत बसलेलं असतं. सकाळची सुटणार नसेल तर ती साध्या पाण्याने पटकन उरका आणि मुख्य आंघोळ संध्याकाळी करा.

1. पाणी कोमट घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतलं तर गरम असं वाटता कामा नये.
2. वेळ ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नाही.
3. क्लेन्झर फक्त काखा, जांघ, पाय आणि मळलेल्या भागांना. चट्ट्यांना नुसतं पाणी.
4. घासणी, दगड, लुफा नको. उटणं नको, हरभऱ्याचं पीठही नको.
5. टॉवेलने टिपा, चोळू नका. त्वचा किंचित ओलसर राहू द्या.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर फेस येत नाही, म्हणून साबण जास्त घासला जातो आणि तो नीट निघतही नाही. अशा घरात क्लेन्झर आणखी कमी वापरा आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, निदान चेहरा आणि लवणींसाठी.

*नेहमीच्या चुका:* पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतणं, कडुनिंबाचा पाला चट्ट्यांवर रगडणं, लिंबू पिळणं. फाटलेल्या त्वचेवर हे सगळं झोंबतं आणि झोंबणारी गोष्ट नवा निरोप सोडते.

टप्पा ४ : औषध, पेराच्या मापाने

स्टेरॉईड हा शब्द ऐकून निम्मे लोक ट्यूब उघडतच नाहीत आणि उरलेल्यांतले बरेच जण टिपूसभर लावतात. माप असं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून सरळ रेघ काढा. ती रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतक्या भागाला पुरतं, बोटं धरून. मुलाचा चट्टा मोजायचा असला तरी तळवा मोठ्या माणसाचाच धरायचा.

हिशोब करून पाहा. चार वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कोपरांच्या लवणी मिळून एक तळवा, दोन्ही गुडघ्यांच्या लवणी मिळून दोन तळवे. एकूण तीन तळवे, म्हणजे दीड पेर, म्हणजे पाऊण ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर १० ग्रॅमची ट्यूब १३ दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब दोन महिने चालली असेल तर औषध लागू पडलं नाही असं म्हणू नका, ते लागलंच नव्हतं.

*तपासणी:* पेराचं हे माप ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबसाठी आहे. बारीक तोंडाच्या ट्यूबमधून तेवढ्याच रेघेत कमी औषध येतं. १० ग्रॅमच्या ट्यूबमधून साधारण २० रेघा निघायला हव्यात. खूप जास्त निघत असतील तर तेवढ्या प्रमाणात रेघ वाढवा.

लावायची पद्धत: चट्ट्यावर ठिपके द्या, केसांच्या दिशेने हलकं पसरवा, त्वचा चकाकली की थांबा. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन बहुधा दिवसातून एकदा पुरतं, दोनदा लावून दुप्पट गुण येत नाही. निरोगी त्वचेवर लावायचं नाही, पण खरखर आहे तिथवर चट्ट्याची कडा धरायची.

चेहऱ्यासाठी किंवा दीर्घकाळासाठी डॉक्टर टॅक्रोलिमस देतात, २ ते १५ वर्षांच्या मुलांना ०.०३ टक्के, मोठ्यांना ०.१ टक्केसुद्धा. हे स्टेरॉईड नाही, त्याने त्वचा पातळ होत नाही. पहिले चार-पाच दिवस जळजळतं आणि इथेच बरेच लोक ते सोडून देतात. जळजळ सहसा आठवड्याभरात ओसरते. ओल्या त्वचेवर लावलं तर ती वाढते, म्हणून हे एक औषध मात्र पूर्ण कोरड्या त्वचेवर लावा.

टप्पा ५ : मॉइश्चरायझर, तीन मिनिटांत

टिपून झाल्यावर तीन मिनिटांच्या आत. चट्टे सोडून बाकी अंगाला आधी लावा, चट्ट्यांवर औषधानंतर १५-२० मिनिटांनी. आधी औषध की आधी मॉइश्चरायझर यावर डॉक्टरांचीही मतं वेगळी आहेत. क्रमापेक्षा मधलं अंतर महत्त्वाचं: लागोपाठ चोळलं तर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत घट्ट मलम किंवा पेट्रोलियम जेली चालते. कोकणात आणि मुंबईच्या दमटपणात तीच जेली घाम अडवते आणि केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात, तिथे क्रीम घ्या. बिनवासाचं खोबरेल तेल बऱ्याच जणांना मानवतं. ऑलिव्ह तेल मात्र नको, ते आवरण आणखी सैल करतं.

घाम आला की साध्या पाण्याने धुऊन, टिपून, पुन्हा पातळ थर. दिवसातून किमान दोनदा, चट्टे नसलेल्या दिवशीसुद्धा.

*इशारा:* पॅराफिन किंवा तेल मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात आणि धुऊनही ते पुरतं निघत नाही. गॅस, देवघरातली समई, दिवाळीतले फटाके यांच्याजवळ अंगभर क्रीम लावलेल्या मुलाला सोडू नका.

टप्पा ६ : रात्र

दिवसभर नीट चाललेलं सगळं रात्री दोन वाजता नखांनी उसकटलं जातं.

- नखं दर तीन दिवसांनी कापा आणि कडा कानसेने गोल करा. नुसत्या कापलेल्या नखाची धार जास्त बोचते.
- पंखा चालू ठेवा, पांघरूण पातळ सुती.
- उशाशी पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं ठेवा. खाज सुटली की ते चट्ट्यावर ५ ते १० मिनिटं दाबून धरा, मग थोडं मॉइश्चरायझर. बर्फ थेट त्वचेवर नको.
- "खाजवू नकोस" असं ओरडून उपयोग नाही. मुलाच्या हाताला दुसरं काम द्या: तळव्याने दाब, फडकं धर.

फार चिघळलेल्या आठवड्यात डॉक्टर ओलं गुंडाळणं सुचवतात: औषध आणि मॉइश्चरायझर लावून त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती कपडा, वर कोरडा. हे डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. आत औषध जास्त शोषलं जातं, म्हणून जोराचं स्टेरॉईड खाली ठेवून आपल्या मनाने करू नका. लस किंवा पू येत असेल तर अजिबात नको.

झोप आणणारी ॲलर्जीची गोळी दोन-चार रात्री झोपेसाठी दिली जाऊ शकते. ती खाजेचं औषध नाही, दुसऱ्या दिवशी मूल वर्गात पेंगतं, आणि ती महिनोन्‌महिने चालवायची नसते.

टप्पा ७ : औषध कमी करणं

दोन चुका, दोन्ही सारख्याच महाग. तिसऱ्या दिवशी खाज कमी झाली म्हणून थांबवणं ही पहिली. आतली सूज तेव्हा शिल्लकच असते आणि आठवड्यात सगळं परत येतं. डोळे मिटून हात फिरवा: चट्टा शेजारच्या त्वचेइतका मऊ लागेपर्यंत रोज लावा. बहुधा एक ते दोन आठवडे लागतात.

दुसरी चूक म्हणजे डाग जाईपर्यंत लावत राहणं. इसब बरं झालं तरी काळसर किंवा फिकट डाग महिनोन्‌महिने राहतात. ते सुजेचे उरलेले रंग असतात, स्टेरॉईडने जात नाहीत. मऊ आहे, खाजत नाही, फक्त रंग वेगळा आहे, तर औषध बंद.

चट्टा पुन्हापुन्हा त्याच जागी येत असेल तर डॉक्टरांना आठवड्यातून दोन दिवसांच्या पद्धतीबद्दल विचारा. बऱ्या दिसणाऱ्या जागी दर शनिवार-रविवार औषध, बाकी पाच दिवस फक्त मॉइश्चरायझर. वरून शांत दिसणाऱ्या त्वचेतही निरोपे दबा धरून असतात.

पथ्याबद्दल एकच गोष्ट. वांगं, दूध, अंडी, आंबट असं एकेक बंद करत मुलाचं जेवण आटवू नका. ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी असं काही होत असेल तरच त्या पदार्थाची तपासणी करून घ्या.

टप्पा ८ : घरातलं थांबवून कधी निघायचं

त्याच दिवशी रुग्णालय: चट्ट्यांवर एकसारख्या आकाराचे फोड किंवा ठोशाने पाडल्यासारखे खड्डे, सोबत ताप आणि वेदना. ही हर्पीस विषाणूची लागण असू शकते, डोळ्याजवळ असेल तर थांबायला वेळच नाही.

एक-दोन दिवसांत डॉक्टर: मधासारख्या पिवळ्या खपल्या, लस, पू, चट्टा गरम आणि दुखरा. स्टॅफिलोकोकसची विकरं मज्जातंतूंनाही थेट डिवचतात, त्यामुळे लागण आटोक्यात आल्याशिवाय खाज हलत नाही.

दोन आठवडे पेराच्या मापाने औषध लावूनही वहीतला आकडा निम्म्यावर आला नसेल तर पुढचे उपचार विचारा. प्रकाशोपचार आहे, निरोप पेशीच्या आत अडवणाऱ्या जेएके गटातल्या गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. ड्युपिल्युमॅब इंटरल्यूकिन ४ आणि १३ चा मार्ग अडवतं, नेमोलिझुमॅब ३१ चा. एकट्या टीएसएलपीला अडवणारं टेझेपेल्युमॅब दम्यात चाललं, इसबाच्या चाचणीत मात्र अपेक्षेइतका गुण आला नाही, बहुधा तोवर बाकीचे निरोपे कामाला लागलेले असतात म्हणून. गोळ्यांआधी आणि गोळ्या चालू असताना रक्ततपासण्या लागतात, इंजेक्शनं महाग आहेत. त्यामुळे डॉक्टर आधी हेच विचारतील: मलम किती लावलं? जाताना वही न्या, आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या आणि विचारून आणलेल्यासुद्धा.